आकडा आणि एक शब्द

१

धाकट्याला गटाराच्या चेंबरमधून वर ओढलं तेव्हा फावडं त्याच्या मुठीतच होतं. ते काढून घ्यायला दोन माणसं लागली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला हे झालं आणि शुक्रवारी नऊला मी त्या जळालेल्या कारखान्याच्या फाटकात उभा होतो. कारखान्यांच्या सुरक्षा खात्यातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, तरी असं काही घडलं की अजून मलाच बोलावतात. बायको म्हणते, तुमच्या निरोपाची भाषणं झाली खरी, पण कोणी ती मनावर घेतलेली दिसत नाहीत.

आग लागून तीन आठवडे झाले होते. आग विझली की लोकांना वाटतं, संपलं. संपत काहीच नाही. हा कारखाना कातडी कमावायची रसायनं बनवायचा. सल्फाइडचं गोदाम जळालं, बंबाच्या पाण्यानं ते सगळं जमिनीखालच्या गटारात वाहून गेलं आणि तिथे त्याचा काळा गाळ साचला. दुसऱ्या बाजूला ॲसिडचे ड्रम फुटले, ते पाणी पाच खड्ड्यांत अडवून ठेवलं होतं. गाळ तिकडे आणि ॲसिड इकडे असेपर्यंत माणूस जपून काम करू शकतो. दोन्ही एकत्र आले की वायू सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाक मरतं आणि वास येईनासा होतो. त्यानंतर फार वेळ लागत नाही.

धाकटा खाली गाळ उपसत होता. वर कोणीतरी तीन नंबरच्या खड्ड्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि ॲसिडचं पाणी थेट त्याच्या पायाशी आलं.

"कोणीतरी काय, पंपवाल्यानंच उघडला," मॅनेजर म्हणाला. त्याला घाई होती. "त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोघांचा अबोला होता. आदल्या दिवशी या फाटकात त्यानं सगळ्यांसमोर दम दिलाय, तुला सोडणार नाही म्हणून. पोलीस पाच वाजता येतायत. तुमचा कागद मिळाला की त्याला घेऊन जातील."

२

कामगारांच्या शेडमध्ये एक टेबल, दोन बाकं, खुंट्यांवर टांगलेले रबरी सूट आणि समोर काळा फळा होता. फळा स्वच्छ पुसलेला. ओल्या फडक्याचे पट्टे त्यावर वाळून गेले होते.

फळ्याच्या वर माझा तक्ता दिसला आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पंधरा वर्षांपूर्वी मी तो छापून घेतला होता. 'फळ्यावर फक्त आकडा आणि एक शब्द. पाल्हाळ नको.' खाली माझी सही. त्याआधी लोक फळ्यावर निबंध लिहायचे. एका कारखान्यात एका माणसानं चौथी ओळ वाचली नाही आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून हा नियम मी गावोगाव लावत फिरलो.

थोरला समोर बसला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. हात मांडीवर उताणे टाकले होते, कोणीतरी ते तिथे ठेवून गेल्यासारखे.

"व्हॉल्व्ह तू उघडलास?"

"मीच. मी कुठं नाही म्हणतोय?"

"कशासाठी?"

"फळ्यावर हुकूम होता, पाणी सोडायचा. मी फळा वाचतो आणि चाक फिरवतो, साहेब. पाण्यातलं ॲसिड मेलं का नाही, ते केमिस्टबाईंनी बघायचं. माझं शिक्षण तेवढं नाही."

"खाली माणूस आहे का ते बघायचंस तरी."

"हाक मारली ना. रोज मारतो. कोणी आहे का रे खाली, म्हणून. दोनदा मारली. ओ आली नाही. त्याची पाळी अकराची होती. तो लवकर उतरला."

"आणि फाटकातलं भांडण?"

"त्याला रोपांच्या नर्सरीत काम मिळत होतं. म्हणाला, दादा, मला सोड. मी म्हटलं, ही घाण निस्तरेपर्यंत तुला सोडणार नाही. एवढा चांगला हात दुसरा कुठून आणू? त्याला या धंद्यात मीच ओढला होता. एवढंच बोललो. मोठ्यानं बोललो, एवढी चूक झाली."

मी वहीत दोन्ही अर्थ लिहून ठेवले. जीव घ्यायची धमकी द्यायला आणि कामावर अडकवून ठेवायला माणूस शब्द तेच वापरतो, आणि बोलणाऱ्याचा चेहरा नंतर कोणाच्या साक्षीत येत नाही.

"तीन नंबरच्या कडेला वीस पोती लावलीत, ती कसली?"

"ती खाराची. आम्ही बूट-हातमोजे धुतो त्यानं. त्यासाठीच आली असतील." मग तो पुढे झुकला. "फळा कोणी पुसला, साहेब? माझा हुकूम होता त्यावर. बाईंना विचारा. त्या खोटं बोलतायत."

३

केमिस्टबाई तिशीच्या, हुशार, रडून डोळे सुजलेले. रजिस्टर त्यांनी छातीशी धरलं होतं.

"मी पाणी सोडायला सांगीनच कशी, सर?" त्यांनी पान उघडून दाखवलं. गुरुवार, सकाळचे आठ, खड्डा तीन, आणि शेजारी चिकटवलेली तपासणीची पट्टी लालभडक. "हे बघा. पाणी नुसतं ॲसिड होतं. यात आधी सोडा मिसळायचा, ढवळायचं, परत तपासायचं, आणि गटार रिकामं करूनच पुढे पाठवायचं. वीस पोती मीच मागवली. मी फळ्यावर हुकूम लिहिला आणि पाच नंबरकडे गेले."

"हुकूम नीट लिहिला होता?"

"तुमच्या नियमाप्रमाणे. पहिल्या दिवशी मी दोन-दोन शब्द लिहीत होते. मुकादमांनी त्या तक्त्याकडे बोट दाखवून मला दटावलं. मग शिकले."

मी मान डोलावली. शाबासकीही दिली असेल. नेमकी अक्षरं कोणती लिहिलीत, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. चौतीस वर्षं नोकरी करून मला तेवढं सुचलं नाही.

"पंपवाला म्हणतो तुम्ही खोटं बोलता."

"त्यानं मुद्दाम केलंय, सर." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आणि खापर माझ्यावर फोडतोय. माझ्या वडिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगू काय?"

मी जाऊन पोती मोजली. वीसच्या वीस, एकाचीही शिवण उसवलेली नव्हती. पाणी तसंच सोडून द्यायचं असतं तर बाईंनी एवढी पोती खड्ड्याच्या कडेला कशाला आणवली असती? म्हणजे बाई खऱ्या. पण थोरल्याचे ते उताणे हात मला खोटे वाटत नव्हते. दोघंही खरे असतील तर आठ ते साडेदहाच्या मध्ये फळ्यावरचा हुकूम कोणीतरी बदलला, आणि मग पुसून टाकला.

त्या वेळात शेडमध्ये एकच माणूस बसलेला असतो.

४

मुकादमाला बोलवायला निघालो तर दारात एक बाई उभी. धाकट्याची बायको. त्याच्या चपला आणि जेवणाचा डबा न्यायला आली होती. डबा भरलेलाच होता.

"काय ठरवलंत, साहेब?"

"अजून काही नाही."

"सगळ्या फाटकानं ऐकलंय, मोठे भाऊजी काय म्हणाले ते. मी पण ऐकलंय, मी यांना डबा द्यायला आले होते." तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं. "यांना लहानपणी त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. हे मला दहा वेळा सांगायचे. मग त्यांच्या हातून हे झालं कसं? जाणूनबुजून केलं असेल तर त्यांना नेऊ दे. मी रडणार नाही."

"आणि जाणूनबुजून नसेल तर?"

ती चपला उलट्या करून तळव्यांवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत राहिली.

"एक विचारू? त्यांनी हाक मारली म्हणतात. खरंच मारली का?"

"ते मी शोधतोय."

"मारली असेल तर..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. मग बाकाच्या कडेला जाऊन बसली.

५

मुकादमाला मी वीस वर्षं ओळखतो. तोंडाळ माणूस. वाद असो, चेष्टा असो, नाही तर मरणाची बातमी, त्याचं ठरलेलं एक पालुपद होतं. हात झटकायचा आणि म्हणायचा, "अहो, सोडा हो, साहेब!" माणसं त्याची नक्कल करायची.

"हाक मारली होती का त्यानं?"

"मारली. दोनदा. मी माझ्या कानानं ऐकली."

"फळा कोणी पुसला?"

"तो रोज मीच पुसतो."

"रोज संध्याकाळी. काल सकाळी कोणी पुसला?"

"जाऊ द्या ना, साहेब."

मी त्याची रोजची वही मागितली. फळ्यावरचे हुकूम तो तीत उतरवून ठेवतो, मीच त्याला ती सवय लावली होती. सोमवार, एक, झाका. मंगळवार, दोन, उपसा. बुधवार, चार, धुवा. गुरुवारचं पान मुळापासून फाडलेलं.

"हे कुठे गेलं?"

"भिजलं असेल. जाऊ द्या."

"तुझ्या दोस्ताला संध्याकाळी खुनी म्हणून नेतायत. पान कुठे गेलं?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "जाऊ द्या हो, साहेब," तो पुटपुटला. "कोणाचंच भलं नाही त्यात."

आता मला खटकलं. एका बैठकीत तीन वेळा 'जाऊ द्या', आणि त्याचं पालुपद एकदाही नाही. तोंडात इतकी वर्षं बसलेली गोष्ट एका दिवसात जात नाही. तो शब्द ओठांवर येत होता आणि मुकादम तो गिळत होता, जसं काही त्यानं तोंड पोळेल.

मी वही पुन्हा उघडली. झाका. उपसा. धुवा. मग मी मान वर करून माझा तक्ता पुन्हा वाचला.

"सगळ्यांना बोलाव," मी म्हणालो. "आणि खडू आण. दोन तुकडे."

६

मॅनेजर घड्याळ बघत दारात उभा राहिला. धाकट्याची बायको बाकावर होतीच. केमिस्टबाईंना मी फळ्यापुढे उभं केलं. थोरल्याला कोपऱ्यात नेलं, रबरी सुटांच्या आड, आणि जळक्या दाराची एक फळी त्याच्या हातात दिली.

"काल सकाळी फळ्यावर होतं ते जसंच्या तसं लिहा. एकमेकांचं बघू नका."

दोन्हीकडे खडू चालला. दोघांनाही वेळ लागला नाही. मी थोरल्याची फळी आणून फळ्याला टेकवली.

फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं: '३ – सोडा'.

फळीवर थोरल्यानं लिहिलं होतं: '३ – सोडा'.

मॅनेजर म्हणाला, "दोघांचं एकच आहे की. मग भांडण कसलं?"

बाईंना आधी कळलं. त्यांच्या हातातला खडू खाली पडला.

मी बोलायला लागलो, कारण बोलणं माझं काम होतं. "बाईंनी हे पोत्यातल्या सोड्याचं नाव म्हणून लिहिलं. तीन नंबरमध्ये सोडा टाका, असं त्यांना सांगायचं होतं. यानं तो हुकूम म्हणून वाचला. झाका, उपसा, धुवा, तसंच सोडा. पाणी सोडा. आठवडाभर फळ्यावर असेच शब्द येत होते. आणि पोत्यातल्या त्या भुकटीला हा आणि याचे लोक खार म्हणतात. सोडा म्हटल्यावर त्याला ती आठवायचं कारणच नव्हतं. फाटकात तो तुला सोडणार नाही म्हणाला, तेही असंच. त्याच्या मनात होतं, कामावरून सोडणार नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, जिवंत सोडणार नाही. यात कोणी खोटं बोललेलं नाही. कोणी मुद्दाम काही केलेलं नाही."

थोरला फळीकडे बघत राहिला. ओठ हलवून त्यानं तो शब्द एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, वेगळ्या तऱ्हेनं. दुसऱ्या वाचनाला त्याला त्यात खार दिसला असावा, कारण तो खाली बसला.

मला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. इतक्या वर्षांनंतरही मी किती बावळट असू शकतो, ते तेव्हा कळलं. सकाळपासून त्याच्याकडे बाई होत्या, राग धरायला. दात-ओठ खाऊन शिव्या घालायला एक माणूस होतं. ते मी काढून घेतलं होतं.

"म्हणजे हुकूम नव्हताच," तो म्हणाला. "पाणी सोडायला कोणी सांगितलंच नव्हतं. मीच."

"म्हणून पुसला होता मी!" मुकादम एकदम ओरडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "त्याला वर काढला आणि मी फळ्याकडे बघितलं, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, हा भावाला रडेल, बाईंना शिव्या देईल, पण जगेल तरी. अपघात म्हणून कागद बंद होईल. याच्यावरच उलटेल, असं कुठं वाटलं होतं मला? म्हटलं होतं ना साहेब, जाऊ द्या!"

७

मॅनेजर पोलिसांना फोन करायला गेला. गुन्हा नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला होता. गुन्हा असता तर कारखान्याचे हात स्वच्छ राहिले असते.

"मग चुकलं कोण?" धाकट्याच्या बायकोनं विचारलं. ती कोणा एकाला विचारत नव्हती.

"मी दोन शब्द लिहायला हवे होते," बाई म्हणाल्या. "सोडा टाका. मी पहिल्या दिवशी तसंच लिहायचे." आणि त्यांनी वर बघितलं. मुद्दाम नव्हे, सवयीनं.

धाकट्याची बायको त्यांच्या नजरेमागून उठली, तक्त्यापाशी गेली आणि मोठ्यानं वाचू लागली. "फळ्यावर फक्त आकडा आणि एक शब्द. पाल्हाळ नको." खालची सही तिला लागेना. "हे कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एक शब्द वाचवलात, साहेब."

मी चुकलो, असं मी म्हणालो. त्या शेडमध्ये ते फार लहान वाटलं. सक्त नियम केला की माणूस वाचतो, हे मी आयुष्यभर मानलं आणि शिकवलं, आणि त्या एका माणसाच्या डोळ्यांची भरपाई करता करता दुसऱ्याचा जीव घेऊन बसलो. असे तक्ते किती शेडमध्ये लागलेत, याची यादीसुद्धा माझ्याकडे नाही. पहिल्याच वर्षी पाचशे छापले होते.

ती डबा आणि चपला घेऊन निघाली. थोरल्यापाशी आल्यावर थांबली. तो मान वर करेना.

"मोठे भाऊजी, तुम्ही हाक मारलीत. मुकादमांनी ऐकलीय. मी मानते."

"त्याला ऐकू गेली नसेल," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "पंपाचा आवाज असतो. त्यात ती रबरी टोपी कानावर. ऐकू गेली असती तर ओ दिली असती त्यानं. होय ना?"

तिचं तोंड उघडलं. मला सकाळचं तिचं अर्धं वाक्य आठवलं. तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"होय," ती म्हणाली. "ऐकू गेली नसेल."

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेलो. तिथे ती माझ्याकडे न बघता बोलली. "बुधवारी रात्री हे मला म्हणाले होते, दादानं आता हाक मारली तरी मी ओ देणार नाही. मला सोडेपर्यंत एक शब्द बोलणार नाही त्याच्याशी. हे तुमच्या कागदात घालू नका."

मी घातलं नाही. चौतीस वर्षांतला माझा तो एकच अपुरा कागद.

शनिवारी मी पुन्हा गेलो. पाच नंबरचा खड्डा भरलेला होता आणि तो तसाच ठेवून चालणार नव्हतं. दुसरा पंपवाला मिळाला नव्हता. तक्ता मी खाली उतरवला, त्याच्या जागी भिंतीवर एक फिका चौकोन उरला. फळ्यावर बाईंनी तीन पूर्ण ओळी लिहिल्या. 'पाच नंबरच्या खड्ड्यात सोड्याची, म्हणजे खाराची, दहा पोती रिकामी करा. व्हॉल्व्ह उघडू नका. मी तपासून स्वतः येऊन सांगेन.' थोरल्यानं प्रत्येक शब्दावर बोट ठेवून सगळं मोठ्यानं वाचलं, आणि बाईंनी दर शब्दाला हो म्हटलं.

दुपारी बाराला पट्टी हिरवी आली. मुकादमानं माणसं मोजली. बाराही जण वर, चेंबरपासून लांब, एका रांगेत उभे होते. बाई थोरल्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आता पाणी सोडायचं."

तो चाकाकडे गेला नाही. चेंबरपाशी गेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला आणि हाक मारली. "कोणी आहे का रे खाली?"

आम्ही बघत होतो. खाली कोणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. त्यानं कान पुढे केला, थोडा वेळ थांबला आणि पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा.

मुकादम माझ्या शेजारी उभा होता. चाकाला हात लावायला कोणी पुढे झालं नाही, आणि थोरला तसाच वाकून ओ यायची वाट बघत राहिला.